आणखी काही औषध चालू आहे?

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांना आणखी काही औषध चालू आहे?" आणि तिच्या तोंडून "नाही" निघून गेलं. निघून गेलं म्हणजे शिंक निघून जावी तसं. आधी विचार नाही, आवंढा नाही, पापणीसुद्धा लवली नाही. डॉक्टरीणबाई लिहायलाही लागल्या. वयाने लहानच होत्या, तिच्या निम्म्या असतील नसतील. खिशात दोन पेनं, त्यातल्या एकाचं टोपण हरवलेलं. कागदावर उमटलेलं ते "नाही" तिने समोरून उलटं वाचलं आणि मग कुठे तिला आपलं बोलणं ऐकू आलं. अगं बाई, हे मी काय बोलले! समोर खाटेवर दादा पडलेला, तिचा थोरला भाऊ, त्रेपन्न वर्षांचा. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, कपाळावर पांढरी पट्टी, बोटाला चिमटा आणि चिमट्याची वायर उशाशी टिकटिकणाऱ्या यंत्रात गेलेली. या माणसाला रोज रात्री एक मोठी आणि रोज सकाळी अर्धी गोळी लागते, बावीस वर्षं लागते, आधी सोळा वर्षं आई द्यायची आणि आई गेल्यापासून सहा वर्षं ती स्वतःच्या हाताने देत आली होती. आई गेली त्या दिवशीसुद्धा चुकली नव्हती. आणि म्हणे नाही. तिने तोंड उघडलं, "डॉक्टर, थांबा," असं म्हणायला, पण शेजारच्या खाटेपाशी कुणाची तरी सून संत्रं सोलत बसली होती आणि चांगली टक लावून इकडे बघत होती. तिचं तोंड मिटलं ते मिटलंच.

खरं तर सकाळ किती साधी उजाडली होती. तिला नवाला कामावर पोचायचं होतं. तिचं काम दातांचं, म्हणजे दात काढायचं नाही, दात करायचं. शहरातले दातांचे डॉक्टर माणसांच्या जबड्याचे ठसे घेऊन पाठवतात, त्यात ती प्लास्टर ओतते, साचा काढते, मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवते. एकवीस वर्षं हेच. काल एक वरची कवळी मेणात बसवून ती खिडकीजवळच्या टेबलावर ठेवून आली होती, आणि आत्ता, दादाच्या छातीकडे बघत उभी असताना, तिच्या डोक्यात काय यावं? तर दहाच्या पुढे त्या खिडकीतून ऊन आत येतं आणि मेण मऊ होऊन पुढचे चार दात सरकतील. भाऊ मरायला टेकलाय आणि हिला कुणाच्या तरी दातांची पडली आहे. तिची तिलाच किळस आली. पण मन असं पळतं त्याला काय करणार. जिकडे बघायचं नाही तिकडून पळत सुटतं आणि कुठल्यातरी टेबलावर जाऊन बसतं. सकाळी तिने आंघोळ उरकली, चहा केला, दादाच्या खोलीच्या दारावरून दोनदा गेली. चवड्यांवर गेली. त्याची झोप मोडू नये म्हणून. दार पुढे लोटलेलं होतं आणि आतून घोरणं येत होतं, जाड, ओलं, आणि मध्येच थांबणारं. थांबलं की घर एकदम रिकामं वाटायचं. मग पुन्हा सुरू व्हायचं. तिने ते ऐकलं, पाव भाजला, डबा भरला. साडेआठला धप्प आवाज आला. ती धावली तेव्हा तो खाट आणि टेबल यांच्यामध्ये अर्धवट बसल्यासारखा पडला होता, कपाळ फुटलेलं, आणि ओठ, देवा रे, ओठ जांभळट. "दादा! ए दादा!" त्याने डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले, जणू उगाच कुणीतरी उठवलं. त्यानंतरचं सगळं तिला तुकड्यातुकड्यांत आठवत होतं: खालच्या मजल्यावरच्या माणसाचा पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, जिन्याच्या वळणावर खरचटलेली तिची कोपरं, टॅक्सीच्या मागच्या काचेवरचा कुठल्यातरी दुकानाचा फाटका कागद.

सहा आठवड्यांपूर्वी दादाला नागीण झाली. बरगडीच्या कडेने पाठीपर्यंत फोडांचा पट्टा. फोड सुकले, खपल्या पडल्या, आणि मग खरं सुरू झालं. कातडीला सदरा लागला तरी तो ओरडायचा. आगीची तार आतून ओढतात म्हणायचा. रात्र रात्र खोलीत येरझाऱ्या, आणि भिंतीपलीकडे ती डोळे टक्क उघडे ठेवून पडलेली. कामावर चुका व्हायला लागल्या. एकदा सुळा दाढेच्या जागी बसवून बसली, मालक म्हणाले, "बाई, हा माणूस खाणार कसा?" सगळे हसले, तीही हसली. शेवटी गेल्या आठवड्यात ती दादाला नसांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. म्हातारे, शांत गृहस्थ. त्यांनी कापसाच्या बोळ्याने त्याची पाठ चाचपली, मान हलवली आणि म्हणाले, फोड गेले तरी नस दुखावलेली राहते, त्यावर कॅप्सूल आहे. एकीपासून सुरुवात, तीन दिवसांनी दोन, मग तीन. झोप येईल, गरगरेल, सांभाळायचं. आणि लिहिता लिहिता मान वर न करता विचारलं, "आणखी काही औषध चालू आहे?" तेव्हाही तिने हेच म्हटलं होतं. तेव्हाही असंच, शिंकेसारखं. दादा शेजारच्या खुर्चीवर बसला होता. त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं होतं, हे तिला आत्ता आठवलं. तेव्हा जाणवलंही नव्हतं.

आणि घराखालचा औषधवाला. बिचारा भला माणूस, कॅप्सूलच्या पट्ट्या कागदी पिशवीत घालता घालता त्यानेही विचारलंच की. "भाऊंना झोपेचं वगैरे काही चालू नाही ना? ह्याच्याबरोबर जपावं लागतं." छे हो, म्हणाली ती. त्याला कसं कळावं? गेली बावीस वर्षं दादाची ती दुसरी गोळी त्याच्या दुकानातून कधी घेतलीच नव्हती. ती यायची चार बसथांबे दूरच्या दुकानातून. आईने घालून दिलेली शिस्त. सर्दी, खोकला, पित्त, पट्ट्या, मलम हे सगळं खालच्या दुकानातून, उजळ माथ्याने. आणि "ती" तिकडून, बसने, पर्समध्ये तळाशी घालून. घरी आल्यावर आई एकेक गोळी पट्टीतून सोलून व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत टाकायची आणि पट्टीचे कात्रीने बारीक तुकडे करायची. कचरा नेणाऱ्यालाही वाचता येऊ नये. आई गेली, कात्री ती चालवायला लागली. चार थांबे दूरच्या दुकानदाराला दादाची मनाची गोळी ठाऊक, नागीण ठाऊक नाही. खालच्याला नागीण ठाऊक, मनाचं ठाऊक नाही. दोघांपैकी एकाला जरी दोन्ही माहीत असतं, तर त्याने काउंटरवरूनच हात आडवा घातला असता. इतकी वर्षं त्यांनी दोन दुकानं एकमेकांपासून लांब ठेवली, किती हुशारीने, किती पायपीट करून. आणि दोन्ही दुकानांतला माल शेवटी एकाच पोटात गेला.

"नीट आठवून सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिने येताना आणलेली कॅप्सूलची पट्टी त्यांच्या हातात होती, यंत्रावरचा आकडा त्या बघत होत्या आणि त्यांना तो आवडलेला दिसत नव्हता. "नुसत्या ह्या कॅप्सूलने एवढं होत नाही सहसा. झोपेची गोळी? मनाची, डोक्याची? दारू घेतात का?"

"छे, छे. दारू नाही," ती म्हणाली. "व्हिटॅमिन आहे एक."

झालं! पुन्हा! एकदा चूक म्हणता येते. दुसऱ्यांदा काय म्हणायचं? भाऊ डोळ्यांदेखत श्वासाला महाग झालाय, समोरची पोर वाचवायला बसली आहे, नुसता एक शब्द मागते आहे, आणि हिच्या तोंडातून आई बोलते आहे. आईच होती ती. तोच सूर, तीच शेवटी लावलेली हलकीशी हसरी ओढ. दादा आजारी पडला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. तो नकाशे काढायच्या कचेरीत होता, अक्षर छापल्यासारखं, आणि एक दिवस घरी येऊन त्याने सगळ्या नळांना फडकी बांधली. नळ बोलतात म्हणाला. आधी हळू बोलायचे, आता नाव घेऊन बोलतात. तीन महिने ते घर काय होतं ते तिलाच माहीत. मग ती गोळी आली आणि नळ गप्प झाले. दादा परत आला, जरा जाड होऊन, जरा सावकाश होऊन, पण परत आला. आणि आईने दोघांना स्वयंपाकघरात उभं करून सांगितलं: "कुणी विचारलं तर नाही म्हणायचं. आजार नाही, औषध नाही, काही नाही. घर भाड्याने मिळणार नाही, हिचं लग्न होणार नाही, आणि तुला लोक बघायला येतील." दादाने मान हलवली होती. तिनेही हलवली होती. पुढे दोन वर्षांनी एकजण आपल्या आईला घेऊन तिला बघायला आला, चहा झाला, आणि त्या बाईंनी विचारलं, "घरात आणखी कोण?" ती म्हणाली, "आम्ही दोघीच." दादा आतल्या खोलीत होता. दोन तास. पाहुणे गेल्यावर तिने दार उघडलं तर तो खुर्चीवर ताठ बसला होता, हात मांडीवर, आणि अगदी कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला, "मी एकदाही शिंकलो नाही." ते लग्न तसंही जमलं नाहीच. मुलाला उंच बायको हवी होती. पण त्या वाक्यानंतर तिने पुन्हा कुणाला बघायला येऊ दिलं नाही, आणि कारण कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही.

"घेतो," असा आवाज आला.

डॉक्टरीणबाई वळल्या. दादाने मास्क एका हाताने खाली ओढला होता. डोळे अर्धे उघडे, जीभ जड, शब्द चिखलातून पाय काढावा तसे एकेक करून येत होते. पण येत होते. "गोळी घेतो मी. रात्री एक. सकाळी अर्धी. बावीस वर्षं." आणि त्याने गोळीचं नाव घेतलं. पूर्ण नाव, किती मिलिग्रॅम, सगळं. त्या घरात जे नाव कात्रीने कापलं जायचं ते. मग एक श्वास घेतला आणि म्हणाला, "मला स्किझोफ्रेनिया आहे."

तिला वाटलं, आता काहीतरी होणार. काय ते तिला सांगता आलं नसतं. पण बावीस वर्षं ज्या शब्दासाठी दारं लोटून घेतली, बस बदलल्या, बाटल्या बदलल्या, तो शब्द असा दिवसाढवळ्या, आठ खाटांच्या खोलीत, मोठ्याने! तिच्या कानांत दडे बसले. तिने शेजारच्या सुनेकडे बघितलं. सुनेने संत्र्याची फोड सोलली, बी काढली, सासूच्या तोंडात घातली आणि दुसरी फोड घेतली. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा चष्मा शोधत होता. झाडणारा माणूस तिच्या पायांपाशी येऊन "बाई, जरा पाय," म्हणाला आणि तिने पाय उचलला. एवढंच. एवढंच? तिला हसू येईल की रडू येईल कळेना. ह्याला भ्यायलो आपण? आई जन्मभर ह्याला भ्यायली? डॉक्टरीणबाईंनी "नाही" वर एक रेघ ओढली, नुसती एक आडवी रेघ, आणि बाजूला गोळीचं नाव लिहिलं. चेहऱ्यावर राग नाही, आश्चर्य नाही. "हां, आता जमलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि नर्सला हाक मारून भराभर काहीतरी सांगायला लागल्या.

तासाभराने दादाचे ओठ माणसाच्या रंगावर आले. डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या, खाटेच्या कडेला टेकल्या, आणि मघाशी खोटं बोललेल्या बाईशी जसं बोलायला हवं तसं न बोलता साधं बोलल्या, ह्याचाच तिला जास्त मार बसला. "हे बघा, दोन्ही औषधं एकाच माणसाला देता येतात. आम्ही देतो. पण माहीत असेल तर देतो. दोन्ही गुंगी आणतात, तोल घालवतात, श्वास मंद करतात. एकावर एक चढतात. म्हणून मग कॅप्सूल अगदी कमी ताकदीची, वाढवायची तर फार सावकाश, आधी मूत्रपिंडाची तपासणी, कारण ती कॅप्सूल शरीराबाहेर तिथूनच जाते. आणि पहिले काही दिवस घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून बघायचं. फार झोपतात का, बोलणं जड झालंय का, घोरताना मध्येच थांबतात का. यातलं एक जरी दिसलं तरी पुढचा डोस न देता आम्हाला फोन. ह्यांचे मनाचे डॉक्टर कोण, नंबर द्या, मी बोलते. कुठली कधी परत सुरू करायची ते आम्ही दोघं ठरवू. तुम्ही घाबरून आपल्या मनाने काही बंद करू नका, ती जुनी गोळी तर नाहीच." तिने नंबर दिला. नंबर तोंडपाठ होता. डॉक्टरीणबाई उठता उठता म्हणाल्या, "गेल्या तीन-चार दिवसांत असं काही दिसलं होतं का तुम्हाला?" तेवढ्यात दुसऱ्या खाटेवरून त्यांना हाक आली आणि त्या गेल्या. उत्तर तिच्यापाशीच राहिलं.

खुर्ची नव्हती. ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती, लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरून. दादा छताकडे बघत होता. आता त्याला पुरती जाग आली होती. डोळे त्याचे नेहमीचे, सावकाश, एका जागी थांबून बघणारे. कचेरीतली नोकरी सुटल्यावर त्याने घरीच पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करायला घेतल्या होत्या, कोपऱ्यावरचा दुकानदार आणून द्यायचा, आणि कुठल्याही यंत्राबरोबर आलेला कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचल्याशिवाय दादा स्क्रूला हात लावत नसे.

"ठमे," तो म्हणाला. शेहेचाळीस वर्षांच्या बाईला ह्या नावाने हाक मारणारा जगात तो एकटाच उरला होता. "त्या कॅप्सूलच्या खोक्यात कागद होता."

"कसला कागद?"

"असतो ना घडी घातलेला. वाचला मी पहिल्याच दिवशी. डोक्यावर चालणारं दुसरं औषध घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा. गुंगी फार येईल, श्वास मंदावेल. बारीक अक्षरात होतं, पण होतं."

तिला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग कळलं आणि हातातला दांडा गार पडल्यासारखा लागला. "तुला माहीत होतं? अरे, मग बोलला का नाहीस? चार दिवस! चार दिवस गिळत बसलास?"

"तू नाही म्हणालीस ना तिथे," दादा म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, एखादा पंखा का फिरत नाही हे सांगावं तसं सांगत होता. "त्या म्हाताऱ्या डॉक्टरांना. माझ्यासमोर. तुला तर गोळी माहीत, तूच देतेस. मग घरी येऊन कागद वाचला. मला वाटलं, तू ठरवलंयस."

"काय ठरवलंय?"

"की आता पुरे."

तिला काही दिसेना. खोली होती, खाटा होत्या, पण सगळं मागे सरकलं.

"मला राग नव्हता आला," तो म्हणाला. "बावीस वर्षं झाली. म्हटलं, ठमी दमली. दमणारच की. मग तू कॅप्सूल आणि ती गोळी, दोन्ही हातावर ठेवायचीस, मी घ्यायचो."

हातावर ठेवायचीस. तिने ठेवल्या होत्या, होय, डाव्या हातात पाण्याचा पेला, उजव्या तळहातावर पिवळी कॅप्सूल आणि पांढरी गोळी, आणि त्याने पहिल्या रात्री जरा जास्त वेळ तिच्या तोंडाकडे बघितलं होतं आणि ती म्हणाली होती, "घे रे लवकर, मला झोपायचंय." तो घ्यायचा. समजून उमजून. मी त्याला मारते आहे असं माझा भाऊ समजत होता आणि तोंड उघडून गोळी घेत होता, आणि वर "गुड नाइट, ठमे" म्हणत होता. तिला ओरडावंसं वाटलं की तुझी शप्पथ दादा, आईची शप्पथ, माझ्या मनातसुद्धा नव्हतं, तोंडाला सवय रे मेल्या, आईने लावलेली सवय! हे खरंच होतं. ती सवयच होती. मघाशी त्याच्या जिवावर बेतलं असतानाही तेच निघालं, ह्याहून आणखी पुरावा काय हवा? पण शब्द ओठांवर आले आणि तिला परवाची दुपार आठवली. सुट्टीचा दिवस होता. दादा तीन वाजेपर्यंत उठला नाही. ती त्याच्या खोलीत गेली होती, उशीवर लाळ, तोंड उघडं, आणि "दादा, जेवतोस ना?" म्हटल्यावर त्याने काहीतरी उत्तर दिलं त्यातला एक शब्द दुसऱ्यात मिसळलेला. हे तिने बघितलं होतं. ऐकलं होतं. इतक्या वर्षांत त्याचं बोलणं कधी असं झालं नव्हतं हे तिच्याइतकं कोण जाणत होतं? आणि तिने काय केलं? पांघरूण सारखं केलं, दार लोटलं, चहा केला आणि गॅलरीत जाऊन बसली. समोरच्या इमारतीत कुणी पियानो शिकत होतं, एकच ओळ पुन्हा पुन्हा चुकत होतं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा घरात कण्हणं नव्हतं. चहा कपात निवला तरी ती उठली नाही. किती शांत वाटलं होतं, किती गोड! तेव्हा मनात नेमकं काय होतं? काहीच नव्हतं? की होतं आणि तिने त्याच्यावरही पांघरूण घातलं? तिने आत बघायचा प्रयत्न केला, प्रामाणिकपणे, आणि तिथे तिला फक्त ती स्वतः बसलेली दिसली, कप हातात धरून. सकाळी चवड्यांवर चाललेली तीच. घोरणं थांबतंय हे ऐकत पाव भाजणारी तीच.

"दादा," ती म्हणाली. "ठरवलं नव्हतं मी. 'नाही' तोंडातून गेलं, आपलं नेहमीचं. पण परवा तुझं बोलणं जड झालेलं मला कळलं होतं. तू उठत नव्हतास ते कळलं होतं. कळलं आणि मी चहा घेऊन गॅलरीत बसले. मला बरं वाटत होतं. आज सकाळीसुद्धा तू थांबून थांबून घोरत होतास, मी ऐकलं. ऐकून डबा भरला."

हे सगळं ती मोठ्याने बोलली. शेजारची सून ऐकत असेल तर असू दे. दादाने तिच्याकडे बघितलं. तिला वाटलं तो आता तोंड फिरवेल, आणि फिरवलं तर बरंच होईल, निदान उभं राहायला काहीतरी कारण उरेल, रडायला जागा मिळेल.

"किती वेळ बसलीस?" त्याने विचारलं.

"कुठे?"

"गॅलरीत."

"तासभर. जास्तच असेल."

दादाने ह्यावर बराच विचार केला. "बऱ्याच दिवसांनी बसलीस," तो म्हणाला. ती वाट बघत राहिली. पुढे काहीतरी यायलाच हवं होतं, शिवी, माफी, काहीही. पण तो कपाळावरची पट्टी बोटाने चाचपत होता, कुठून कुठपर्यंत आहे ते बघत होता.

तेवढ्यात नर्स आली. जाडजूड, घाईची, बगलेत फळी आणि फळीला कागद लावलेला. "ह्यांना उद्यापर्यंत ठेवायचंय," ती म्हणाली. "घरचं कोण थांबणार? झोपले की छातीवर लक्ष ठेवायचं, दर अर्ध्या तासाने पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे आणि ह्या रकान्यात लिहायचे. यंत्र आहे, पण बोटाचा चिमटा झोपेत निघतो आणि मी एकटी ह्या मजल्यावर वीस माणसांना. दहाच्या खाली गेले, नाहीतर मध्येच थांबले, की मला हाक मारायची, लगेच, वाट बघत बसायचं नाही. घरात आणखी कोण आहे? कुणी जबाबदार माणूस हवं."

"मी आहे" म्हणायला तिची जीभ उचलेना. कोणत्या तोंडाने म्हणणार होती? सकाळीच तर तिने ते श्वास ऐकले होते आणि मोजले नव्हते. नर्स एकदा तिच्याकडे, एकदा कागदाकडे बघत राहिली, पेन उघडून. बाहेर जिन्यावर कुणीतरी कुणाला मजला विचारत होतं. तिला एकदम वाटलं की दादाने आता सांगावं, कुणी नाही, पगारी माणूस बघा. आणि तसं त्याने सांगितलं तर आपण त्याच्या पाया पडून निघून जाऊ, मागे न बघता, आणि ते अगदी न्यायाचं होईल.

"ही आहे ना," दादा म्हणाला. "माझी धाकटी बहीण."

नर्सने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्यांनाच झोप लागायची. डोळे बघा कसे झालेत. जागतील का रात्रभर?"

"जागेल," दादा म्हणाला.

नर्सने फळी खाटेवर ठेवली, कुठूनतरी एक खुर्ची पायाने ढकलत आणली आणि गेली. दादाने मास्क दोन्ही हातांनी नीट नाकावर बसवला, रबराचा पट्टा कानामागे केला, कुशीवर वळला, नागिणीची बाजू वर येईल असा. मग तिने फळी उचलली की नाही हे न बघताच त्याने डोळे मिटले.